रक्ताची ओळख पटवणारा माणूस

घरात कुणाला दिवस गेले की पहिल्या काही आठवड्यांतच रक्त-लघवीच्या तपासण्यांची एक चिठ्ठी हातात पडते. हिमोग्लोबिन, साखर, लघवी आणि रक्तगट. रक्तगटापुढे निगेटिव्ह असं आलं की डॉक्टर त्याच्याखाली पेनानं आणखी तीन अक्षरं लिहितात, आयसीटी. इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. ती अक्षरं पाहिली की घरात कुजबुज सुरू होते.

मी तालुक्याच्या गावात एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. ही चिठ्ठी घेऊन आलेल्या कितीतरी सासू-सुना बाकावर बसलेल्या पाहिल्यात. एक जोडी विशेष लक्षात राहिली. सुनेची पहिली मुलगी सुखरूप होती. दुसरं बाळ जन्मताच पिवळंधमक होऊन दोन दिवसांत गेलेलं. आता तिसरी खेप. सासूबाई माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारत होत्या की हिच्या रक्तातच काही खोट आहे का. सून खाली मान घालून हातरुमालाची घडी करत बसली होती. मी म्हटलं, मावशी, खोट काही नाही. उलट हिच्या रक्ताचा पहारा फार चोख आहे, आणि तो ज्या गोष्टीवर धावून जातो ती बाळाकडे तुमच्या मुलाकडून आलेली आहे. सासूबाईंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण सुनेनं मान वर केली.

ज्या माणसामुळे मला हे उत्तर देता आलं, त्यांचं नाव कार्ल लँडस्टायनर. रक्तगट शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात एका ओळीत ते येऊन जातात. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो, तो त्यांचा जन्मदिवस. २००४ पासून तो पाळला जातो. पण त्यांनी आयुष्यातली सगळ्यात जास्त वर्षं ज्यावर घालवली ती गोष्ट रक्तगट नव्हतीच. सशाच्या रक्तातला पातळ भाग दुसऱ्या प्राण्याचं प्रथिन किती बारकाईनं ओळखू शकतो, हा त्यांचा ध्यास होता. सुनेच्या आयसीटीला ज्या बाटलीतला थेंब लागतो, तो थेंब त्याच वाटेवरचा.

लँडस्टायनर १८६८ साली ऑस्ट्रियात जन्मले आणि व्हिएन्नात वाढले. वडील लिओपोल्ड मोठे पत्रकार होते, वर्तमानपत्राचे संपादक. मुलगा सहा वर्षांचा असताना ते गेले. मग आई आणि मुलगा, दोघंच. आईचं नाव फॅनी. एकुलत्या एका मुलाला तिनं एकटीनं वाढवलं, डॉक्टर केलं. मुलगाही असा की चाळिशी आली तरी आईजवळच राहिला, लग्न केलं नाही. १९०८ मध्ये आई गेली. तिकडे त्या काळी मृत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायची पद्धत होती. आईच्या चेहऱ्याचा तो मुखवटा लँडस्टायनर यांनी शेवटपर्यंत आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला. देश बदलले, घरं बदलली, मुखवटा सोबत गेला. आपल्याकडे आई-वडिलांचा फोटो हार घालून लावतात, तसंच म्हणायचं. पण मला वाटतं, त्या घरात नंतर सून म्हणून आलेल्या बाईला रोज तो चेहरा समोर बघणं सोपं गेलं नसेल.

१८९१ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. शरीरात जे काही चालतं ते रसायनशास्त्राशिवाय कळणार नाही असं मनानं घेतलं आणि नामांकित रसायनशास्त्रज्ञांकडे शिकायला जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये गेले. परत आल्यावर व्हिएन्नाच्या शवविच्छेदन विभागात लागले. दहा वर्षांत त्यांनी तीन हजार सहाशेच्या वर शवविच्छेदनं केली. दिवसा मुडदे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग. पगार बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. उंच, अबोल, स्वतःच्याच कामावर सतत शंका घेणारा हा माणूस पियानो मात्र उत्तम वाजवायचा.

तेव्हा एका माणसाचं रक्त दुसऱ्याला दिलं तर कधी माणूस वाचायचा, कधी तासाभरात दगावायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं. लँडस्टायनर यांनी काय केलं, तर स्वतःचं आणि सोबत काम करणाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढल्या आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढलं. मग एकाचं सीरम दुसऱ्याच्या पेशींत असं सगळ्यांचं सगळ्यांशी मिसळून बघितलं. काही जोड्यांत काहीच झालं नाही. काही जोड्यांत मात्र दूध नासावं तशा पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९०१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या निबंधातल्या एका तक्त्यात त्यांचं स्वतःचं नाव आहे. आणि दुसऱ्या तक्त्यात आहे सहा बाळंतिणींचं रक्त. त्या सहा जणींची नावं कुणाला माहीत नाहीत. पण ए, बी आणि सी हे गट ज्या रक्तांवरून मांडले गेले त्यात त्या बाळंतिणी होत्या, हे मला फार आवडतं. सी गटाला पुढे ओ म्हणायला लागले. एबी गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

इतका मोठा शोध, पण गाजावाजा काही झाला नाही. रक्त द्यायच्या आधी दोघांचं रक्त जुळतं का ते पाहायची पद्धत न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात १९०७ मध्ये सुरू झाली, आणि सगळीकडे पोहोचायला तर महायुद्ध उजाडलं. तोवर हे दुसऱ्याच कामाला लागलेले. १९०८ मध्ये पोलिओनं दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूतला अंश माकडांना टोचून त्यांनी आणि एर्विन पॉपर यांनी दाखवून दिलं की हा रोग संसर्गाचा आहे आणि त्याचं कारण साध्या जिवाणूपेक्षा सूक्ष्म आहे. आपण मुलांना पोलिओचे थेंब पाजत आलो, त्या गोष्टीची सुरुवात ही.

आता सशाकडे येते.

आपल्या शरीरात परकं काही शिरलं की शरीर त्याच्यावर नेमकी चिकटणारी द्रव्यं तयार करतं. त्यांना अँटिबॉडी म्हणतात, मराठीत प्रतिपिंड. सशाचंही तसंच. सशाला एखादं परकं प्रथिन थोडं थोडं काही आठवडे टोचत राहिलं, की त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणाऱ्या अँटिबॉडीज भरपूर तयार होतात. मग त्याच्या कानाच्या कडेला जी शीर दिसते तिच्यातून थोडं रक्त काढायचं, ते गोठू द्यायचं आणि वर सुटलेलं सीरम बाटलीत भरायचं. हे सीरम म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार. समोर ते प्रथिन आलं की हे त्याला चिकटणार, आणि चिकटलेलं डोळ्यांना दिसणार. ससा पाळायला सोपा, शीर सहज सापडते, सीरम पुरेसं मिळतं, म्हणून लॅबवाल्यांनी ससाच धरला. त्या मुक्या जिवाबद्दल मला वाईट वाटतं, आणि वाटायलाही हवं. पण बाळ हातात घेऊन घरी निघालेल्या बाईला पाहिलं की ते वाईट वाटणं कुठे ठेवावं तेही कळत नाही.

१९०१ मध्येच जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी अशाच सशाच्या सीरमनं वाळलेला रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा ते ओळखून दाखवलं. डाग मेंढीच्या रक्ताचे आहेत म्हणून सुटू पाहणारे आरोपी त्यामुळे अडकू लागले. म्हणजे सशाचं सीरम माणूस आणि मेंढी यांतला फरक सांगू शकतं, हे ठरलं. लँडस्टायनर यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. किती बारीक फरक? माणसा-माणसातला फरक सांगेल का? दोन रेणूंमधला सांगेल का?

यात एक अडचण असते, ती समजून घेण्यासारखी आहे. सशाच्या सीरममध्ये एकाच प्रकारची अँटिबॉडी नसते. प्रथिन मोठं असतं; त्याचा हा कोपरा ओळखणारी एक, तो कोपरा ओळखणारी दुसरी, अशा अनेकींचा तो मेळा असतो. म्हणूनच आजच्या भाषेत त्याला पॉलिक्लोनल म्हणतात. याचा फायदा असा की प्रथिन थोडं बदललं, दुमडलं तरी कुणी ना कुणी त्याला ओळखतेच. तोटा असा की त्यातली एखादी भलत्यालाच ओळख देते. गावात चोर पकडायला दहा जण उभे केले तर चोर सुटत नाही, पण एखादा उत्साही माणूस पाहुण्यालाही धरून आणतो, तसं.

यावर उपाय निवडण्याचा. समजा मला ए या माणसाच्या पेशींत आहे आणि बी या माणसाच्या पेशींत नाही अशी खूण शोधायची आहे. ए माणसाच्या पेशी टोचलेल्या सशाचं सीरम घ्यायचं आणि त्यात आधी बी माणसाच्या पेशी भरपूर कालवायच्या. दोघांत सारख्या असलेल्या खुणांवरच्या अँटिबॉडीज त्या पेशींना चिकटून बसतात. पेशी तळाला बसवून टाकून द्यायच्या. वर जे सीरम उरतं, त्यात फक्त ए माणसाची वेगळी खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीज राहतात. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतो, तसं हे निवडणं. लँडस्टायनर यात उस्ताद होते.

पण तिथवर पोहोचायच्या आधी मध्ये युद्ध आलं. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी हेलेन यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. आणि पाठोपाठ ऑस्ट्रिया युद्ध हरलं. व्हिएन्नात खायला नाही, जाळायला लाकूड नाही, इस्पितळात काम करायला साधनं नाहीत. पन्नाशी ओलांडलेला, तान्ह्या मुलाचा बाप झालेला हा नामांकित शास्त्रज्ञ १९१९ मध्ये घर मोडून नेदरलँड्समधल्या द हेग या गावी गेला आणि तिथल्या एका छोट्या कॅथलिक इस्पितळात साध्या तपासण्या करू लागला. रोजच्या लघवीच्या बाटल्या, रोजचं रक्त. जागा एका खोलीची, मदतीला एक नन आणि एक नोकर. हे वाचलं तेव्हा मला माझी लॅब आठवली. आमची खोलीही एकच होती.

त्या तपासण्या उरकून ते आपलं खरं काम करायचे. प्रथिनाला एखादा छोटासा रासायनिक रेणू चिकटवायचा, ते सशाला टोचायचं आणि सशाचं सीरम तो छोटा रेणू ओळखतं का ते पाहायचं. ते ओळखायचं. मग रेणूत किंचित बदल करायचा. समजा एक बांगडी आहे आणि तिच्यावर दोन टिकल्या आहेत. एका बांगडीत टिकल्या शेजारी-शेजारी, दुसरीत मध्ये एक जागा सोडून, तिसरीत समोरासमोर. बाकी बांगड्या सारख्याच. सशाचं सीरम या तीन बांगड्या वेगवेगळ्या ओळखतं असं त्यांनी दाखवलं. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर तर डावा हात आणि उजवा हात असतो तशा, आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रेणूंतही सीरम फरक करतं हे सिद्ध केलं. आज जगभर संशोधनाच्या प्रयोगशाळांत सशाच्या अँटिबॉडीनं पेशीतलं हवं ते प्रथिन शोधलं जातं. कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्यावर कुठलं प्रथिन आहे ते पाहून औषध ठरवायच्या तपासणीतही पुष्कळदा सशाची अँटिबॉडी असते. त्या सगळ्यामागचा विश्वास, की सीरम नेमकं तेवढंच ओळखेल, हा असा एकेक बांगडी तपासून मिळवलेला आहे.

१९२३ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथे फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्यासोबत सशांना माणसाच्या तांबड्या पेशी टोचून, वर सांगितलेलं निवडणं करून, १९२७ मध्ये त्यांनी एम, एन आणि पी या नव्या खुणा शोधल्या. एबीओ सारखा असला तरी माणसं रक्तात वेगळी असतात, हे सशानं सांगितलं.

१९३० मध्ये नोबेल मिळालं ते मात्र एकोणतीस वर्षं जुन्या रक्तगटांसाठी. स्वतः लँडस्टायनर यांना सशाच्या सीरमवरचं काम जास्त मोलाचं वाटे. त्यामुळे बक्षीस मिळूनही आपली खरी मेहनत कुणी पाहिलीच नाही असं त्यांना वाटलं असावं. चार माणसं पुरणपोळीचं कौतुक करतात आणि आपण पहाटेपासून खपलो असतो ते कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंतच्या पंचवीस गोष्टींसाठी. ते दुःख घरातल्या बायकांना सांगायला नको. प्रसिद्धीची तर त्यांना भीतीच होती. मोठमोठ्या लोकांत बावरून जायचे. प्रयोगशाळेत मात्र हुकूम चालायचा. महत्त्वाचा प्रयोग दुसऱ्यानं केला तर विश्वास नाही, पुन्हा स्वतःच्या हातानं करून बघायचा.

एक गोष्ट मला त्यांची आवडली नाही, तीही सांगायला हवी. ते जन्मानं ज्यू. १८९० मध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या नामवंत ज्यूंच्या एका सूचीत त्यांचं नाव छापलं गेलं तेव्हा ते कोर्टात गेले, की माझं नाव काढा, माझ्या मुलाला धक्का बसेल. कोर्टानं ऐकलं नाही. जो माणूस आयुष्यभर रक्तातली ओळख शोधत राहिला तो स्वतःची ओळख लपवायला धडपडत होता. जर्मनीत तेव्हा हिटलर होता हे लक्षात घेतलं तर ती भीती कळते. पण मुलापासून अशी गोष्ट झाकून ठेवणं मला आई म्हणून पटत नाही.

आता त्या सुनेच्या चिठ्ठीकडे परत यायला हवं.

१९३९ मध्ये फिलिप लेव्हिन, जे तोवर लँडस्टायनर यांच्याकडून निघून दुसरीकडे काम करत होते, आणि रूफस स्टेट्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकीकत छापली. तिचं दुसऱ्या खेपेचं मूल पोटातच गेलं होतं. रक्तस्राव झाला म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचा एबीओ गट एकच. तरी तिला जोरदार त्रास झाला. तिचं सीरम तपासलं तर नवऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या होत होत्या. लेव्हिन यांनी ताडलं की बाळाकडे बापाकडून आलेलं काहीतरी आईच्या रक्तात नाही आणि आईच्या शरीरानं त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली आहे. पण त्या काहीतरीला त्यांनी नाव दिलं नाही.

इकडे लँडस्टायनर निवृत्त झाले होते, पण प्रयोगशाळा सुटली नव्हती. अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत ते सशांना आणि गिनीपिगना ऱ्हीसस माकडाचं रक्त टोचत होते. ऱ्हीसस म्हणजे उत्तरेकडच्या देवळांत दिसणारं आपलं लाल तोंडाचं माकड. त्या सशांचं सीरम त्यांनी माणसांच्या पेशींत घातलं तर न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या लोकांपैकी शंभरात पंचाऐंशी जणांच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, पंधरा जणांच्या नाहीत. १९४० मध्ये हे प्रसिद्ध झालं. माकडाच्या नावातली पहिली दोन अक्षरं घेऊन त्या खुणेला आरएच म्हणायला लागले. आपल्या रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हे. आपल्याकडे निगेटिव्ह लोक शंभरात साधारण पाचच असतात, म्हणून ही गोष्ट घरात माहीत नसते आणि समोर आली की घाबरायला होतं.

होतं काय, तर आई निगेटिव्ह, म्हणजे तिच्या तांबड्या पेशींवर आरएच हे प्रथिन नाही. बाप पॉझिटिव्ह. बाळानं बापाकडून ते प्रथिन घेतलं. बाळंतपणात, किंवा गर्भपातातसुद्धा, बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्या प्रथिनाला परकं समजून अँटिबॉडी बनवतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, ते बचावतं. पुढच्या खेपेला मात्र त्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी मोडतात. मग रक्तक्षय, कावीळ, अंगावर सूज. पहिलं धडधाकट आणि पुढची मुलं एकामागून एक जाणारी. १९४० च्या आधी जगात सगळीकडे अशा बाईला काय काय ऐकावं लागलं असेल ते मी लिहायला नको. पांढऱ्या पायाची म्हणण्यापासून नवऱ्याचं दुसरं लग्न लावण्यापर्यंत आपल्याकडे सगळं झालेलं आहे.

कारण कळलं तरी एक गोची राहिली. आईच्या या अँटिबॉडीज पुष्कळदा पेशींवर नुसत्या बसून राहतात, गुठळी करत नाहीत. ट्यूबमध्ये काहीच दिसत नाही. १९४५ मध्ये केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी तोडगा काढला तो पुन्हा सशाचा. आईची अँटिबॉडी हेही शेवटी माणसाचं एक प्रथिनच. मग सशाला माणसाचं ते प्रथिन टोचा. सशाचं सीरम माणसाची अँटिबॉडी ओळखेल. आईच्या अँटिबॉडीज पेशींवर बसल्या असतील तर सशाच्या अँटिबॉडीज दोन पेशींना दोन हातांनी धरून जवळ आणतील आणि गुठळी दिसेल.

आमच्या टेबलावर या सीरमची हिरवट रंगाची छोटी बाटली असायची. आईचं सीरम घ्यायचं, त्यात ओ पॉझिटिव्ह पेशी घालायच्या, अंगाच्या उबेइतक्या म्हणजे ३७ अंशांवर ठेवायच्या. मग मिठाच्या पाण्यानं, सलाइननं, त्या पेशी तीन वेळा धुवायच्या. शेवटी हिरव्या बाटलीतले दोन थेंब, एक फिरकी आणि ट्यूब हलवून उजेडाकडे धरून बघायचं.

सगळी मेख त्या धुण्यात आहे. आईच्या सीरममध्ये साधी, निरुपद्रवी मानवी प्रथिनंही भरपूर असतात. धुणं कमी पडलं तर सशाच्या अँटिबॉडीज त्या मोकळ्या प्रथिनांनाच चिकटून संपतात आणि पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत. गुठळी दिसत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह जातो, आणि आईच्या रक्तात अँटिबॉडी असते. सुरुवातीच्या दिवसांत घाईगर्दीत माझ्याकडून असं एकदा झालं होतं. दोनच वेळा धुतलं. आमच्या ज्येष्ठ बाईंचा नियम असा की निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक ट्यूबमध्ये शेवटी आधीच अँटिबॉडी चढवलेल्या पेशी घालून बघायच्या. सशाचं सीरम शाबूत असेल तर आता तरी गुठळी व्हायलाच हवी. माझ्या ट्यूबमध्ये झाली नाही. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त ट्यूब माझ्यासमोर ठेवली. मी सगळं पहिल्यापासून केलं. ती टेस्ट पुन्हा लावली तेव्हा गुठळी आली. त्या बाईला त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं गेलं. बाकीचं आयुष्य मी तीनाऐवजी चार वेळा धुतलं.

टेस्ट निगेटिव्ह असेल तर ते चांगलंच, कारण तेव्हाच अँटी-डी इंजेक्शनचा उपयोग असतो. १९६८ पासून अमेरिकेत ते मिळू लागलं. सहसा २८ व्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हवं, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मग इंजेक्शनाचा उपयोग नसतो, पण बाळावर बारीक लक्ष ठेवता येतं. गरज पडली तर मोठ्या इस्पितळात पोटातल्या बाळालाही रक्त देता येतं.

लँडस्टायनर यांना यातलं फारसं काही पाहायला मिळालं नाही. शेवटच्या वर्षांत हेलेन यांना गळ्यातल्या थायरॉइडचा कर्करोग झाला होता. हा म्हातारा माणूस रक्त सोडून कर्करोगावर वाचू लागला, प्रयोग करू लागला. बायकोला वाचवायला दुसरं काय करावं ते त्यांना ठाऊक नव्हतं. २४ जून १९४३ ला प्रयोगशाळेत काम करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हातात पिपेट होतं. दोन दिवसांनी ते गेले. कूम्ब्स यांची टेस्ट यायला अजून दोन वर्षं होती.

त्यांच्यानंतर या गोष्टीत आपल्याकडच्यांचंही नाव लागलं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना ए, बी, ओ या तिन्हींत न बसणारं रक्त सापडलं. जगभरच्या पुस्तकांत त्याला आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात.

आणि पुढे एक गंमत उघडकीला आली. माकडाचं रक्त टोचलेल्या त्या सशांच्या सीरमनं जे ओळखलं होतं आणि बायकांच्या शरीरानं ज्याविरुद्ध अँटिबॉडी केली होती, ती दोन अगदी एकच प्रथिनं नव्हती. एकमेकींच्या शेजारी राहणारी दोन होती. पण तोवर आरएच हे नाव बायकांच्या प्रथिनाला इतकं चिकटलं होतं की ते बदलणं अशक्य होतं. मग सशांनी ओळखलेल्या त्या दुसऱ्या प्रथिनाला वेगळं नाव द्यायची सूचना १९६३ मध्ये पुढे आली, आणि ती केली लेव्हिन यांनी, ज्यांचा वीनर यांच्याशी श्रेयावरून जन्मभर वाद होता. त्यांनी सुचवलेलं नाव एलडब्ल्यू. लँडस्टायनर आणि वीनर.